काळ्या घाण्याला दुसरं तोंड

१४ ऑक्टोबर

नाकाड्या,

कामाचंच लिहितेय, घाबरू नकोस. बाबा आहेत तसेच आहेत.

काळे जव भाजताना जाळावरचा ढोल नेमका कधी थांबवायचा, एवढं मला लिहून पाठव. मला येत नाही असं नाही. जन्म गेला त्या ढोलाशेजारी. पण भाजायला नेहमी तू नाहीतर बाबा, आणि मी आपली चाळणी घेऊन मागे उभी. तू म्हणायचास, आधी पाव भाजल्यासारखा वास येतो, मग बिस्किटांचा, मग कोकोचा, मग कॉफीचा, आणि त्याच्या पुढे गेलं की राख. कॉफी आणि राख यांच्यामध्ये थांबायचं. ते 'मध्ये' वास सोडून दुसऱ्या कशावरून ओळखता येतं का? रंगावरून, आवाजावरून, दाणा फोडून? जे आठवेल ते लिही.

एवढ्यासाठी पत्र कशाला, म्हणशील. फोन तू उचलत नाहीस. आणि उचललास तरी मला आधी रडू येतं, मग राग येतो, आणि कामाचं राहून जातं. पत्रात निदान कामाचं आधी लिहिता येतं.

बारवाल्या बाईने यंदाही हिवाळ्याची सगळी काळी बिअर, आपली स्टाऊट, आपल्याकडून घ्यायचं कबूल केलंय, पण दर वर्षीसारखं हसून नाही. मोठ्या कारखान्याचा माणूस तिच्याकडे खेटे घालतोय. डिसेंबर उजाडायच्या आत पिंपं तिच्या तळघरात पोचली नाहीत तर काउंटरवरचा आपला नळ काढून ती त्यांचा बसवणार. तोंडावर सांगितलं तिने. बाई वाईट नाही, व्यवहाराला पक्की आहे. फिकी बिअर काय, कुणीही बनवतं. आपल्याला लोक ओळखतात ते काळीवरून. तो नळ गेला तर या चार भिंतींना ब्रुअरी म्हणायचं ते केवळ सवयीने.

काळ्यासाठीचे जव पोत्यातच आहेत, ते तसेच भाजायचे. बाकीचे भिजवून जमिनीवर पसरलेत, मोड फुटायला लागलेत. सकाळ-संध्याकाळ दाताळं घेऊन उलटेपालटे करते, नाहीतर मुळ्या एकमेकांत गुंतून सतरंजी होते. पाठ संपावर गेलीय. मिस्त्रीकाका मदतीला येतात, पण बॉयलर सोडून कुठल्याही कामाला त्यांना वाकवलं की सरळ करायला दुसरा माणूस लागतो. बाबांची कूस बदलायची वेळ झाली की जव थांबतात, जव उलटायची वेळ झाली की बाबा थांबतात. दोघंही कुरकुर करत नाहीत, एवढं बरं आहे.

काल दूध करपलं. मी तिथेच बसले होते, कसल्यातरी तंद्रीत. मिस्त्रीकाका बाहेरून ओरडत आले तेव्हा पातेलं काळं ठिक्कर. "अहो, पलीकडच्या गल्लीपर्यंत वास गेला!" म्हणाले. वय झालं माझं, दुसरं काय.

साबणाच्या कारखान्यात तुझ्या नाकाचं चीज झालं असं ऐकलं. कुठल्या वडीला कुठला वास द्यायचा ते म्हणे तू ठरवतोस. बरं झालं. आमच्याकडे नुसतं वाकडं होत होतं.

ताई


२३ ऑक्टोबर

नाकाड्या,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र मिळालं नसेल असं मी धरून चाललेय. तूही तसंच धर, म्हणजे दोघांची अब्रू राहील.

मोडाचे जव गरम हवेवर वाळवून झाले, मुळ्या झाडून झाल्या. आज काळे भाजले.

ढोल फिरवला, खाली जाळ नेहमीएवढा ठेवला आणि मिस्त्रीकाकांना शेजारी उभं केलं. म्हटलं, "काका, वास कसला येतोय ते सांगत राहा." ते म्हणाले, "झकास." मी म्हटलं, "झकास कसला? पावाचा की बिस्किटांचा?" ते म्हणाले, "दोन्हीचा." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तर पुन्हा झकास. धूर इतका झाला की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हाही झकास. सिगारेटींनी त्या माणसाचं नाक कधीच धुराडं झालंय. त्यांना विचारणाऱ्या माझीच अक्कल काढायला हवी.

शेवटी मी माझ्या पद्धतीने केलं. पळीने दाणे काढायचे, पाटावर ठेवून फोडायचे, आतला रंग बघायचा. बाहेरून सगळे सारखेच काळे दिसतात, पण आत आधी पिवळं असतं, मग विटकरी, मग गडद तपकिरी. आत तपकिरी आणि कडेला काळं झालं तेव्हा मी थांबवलं, पाण्याचा फवारा मारला, आणि वाफेत उभी राहिले. तुला आठवतं, त्या वाफेत आपण दोघं मुद्दाम तोंड घालायचो आणि आई केस धरून मागे ओढायची?

वाफ गरम लागली. छान वाटलं.

तू विचारशील की ताई, तू स्वतः तिथे उभी असताना मिस्त्रीला कशाला विचारत होतीस. मला सर्दी झाली होती. या दिवसांत होतेच.

भाजलेले जव दोन दिवस उघडे ठेवते, उग्रपणा उडून जाऊ दे. मग दळण.

बाबांनी आज चमच्याने सगळं जेवण घेतलं. उजवा हात हलत नाही, डावा हलतो. शब्द मोजकेच येतात आणि तेही त्यांच्या मर्जीने. पण धुराचा वास वरपर्यंत गेला असावा, कारण मी वर गेले तेव्हा ते खिडकीकडे मान करून बसले होते आणि नाकपुड्या हलत होत्या. मी विचारलं, "बरोबर भाजलेत का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळलं नाही. थकले असतील.

ताई


२७ ऑक्टोबर

नाकाड्या,

उपड्या क्रेटवर बसून लिहितेय. समोर मोठ्या टाकीतून गोडं पाणी गळतंय, आणि ते गळेपर्यंत मला हलता येत नाही. बसायला मिळावं म्हणून हाच टप्पा मला सगळ्यांत आवडतो, हे तू कुणाला सांगू नकोस.

पहाटे दळण केलं. भरड, पीठ नाही. साल शाबूत राहिली पाहिजे, नाहीतर पाणी खाली उतरत नाही. मोडाचे जव, थोडे पोहे केलेले, आणि ते काळे. गरम पाण्यात सगळं ढवळून झाकून ठेवलं. ढवळताना हात खांद्यापासून निखळतील असं वाटत होतं. पूर्वी आपण तिघं होतो, तरी दमायचो आणि एकमेकांवर ओरडायचो. आज ओरडायला कुणी नव्हतं म्हणून जास्त दमले.

गळणारं पाणी काळंभोर आहे, उजेडाकडे धरलं तर लाल दिसतं. जिभेवर गोड आहे. गोड आणि मागे कडू. पुढे ते उकळायचं, हॉप्सची कडू फुलं टाकायची, गार करायचं आणि मागच्या घाण्यातलं यीस्ट घालायचं, म्हणजे बाबांच्या भाषेत विरजण लावायचं. चोथा न्यायला गवळी येऊन बसलाय. त्याच्या म्हशींना आपली स्टाऊट फार आवडते असं तो दर वर्षी म्हणतो आणि दर वर्षी स्वतःच हसतो.

बसल्याबसल्या तुझं भांडण आठवतंय. तुझं आणि बाबांचं. माझं त्यात काही नव्हतं, आणि सगळं निस्तरायला मात्र मीच उरले.

आपल्या घरचा नियम आजोबांच्या वेळेपासूनचा. ज्याने घाणा शिजवला, त्याने तो पास करायचा नाही. दुसऱ्या तोंडाने चाखायचा, आणि त्या तोंडाने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. कारण द्यायचं नाही आणि मागायचंही नाही. आजोबा म्हणायचे, कारण दिलं की वाद होतो, आणि वादात जो जास्त बोलतो तो जिंकतो, बिअर जिंकत नाही. सगळ्या गावाला हसू यायचं या नियमाचं. आपल्याला लहानपणी वाटायचं की जगभर असंच असतं.

त्या वर्षी बाबांनी काळा घाणा शिजवला, तू चाखलास आणि म्हणालास, नाही. बाबा म्हणाले, "काय बिघडलंय?" तू ग्लास खाली ठेवलास. "काय बिघडलंय ते सांग!" तू म्हणालास, "नियम तुमचाच आहे." मग ते जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. नाकाने कांदे सोलतोस, हा त्यातला सगळ्यांत मऊ शब्द होता. दुसऱ्या दिवशी पिंपं गाडीत चढली आणि तू एप्रन नळाला अडकवून निघून गेलास.

सगळी पिंपं विकली गेली, कुणाची तक्रार आली नाही. बाबा वर्षभर म्हणत राहिले, "बघितलंत? बघितलंत?" हे तुझ्या कानावर गेलंच असेल, अशा गोष्टी सांगणारे लोक पुष्कळ असतात. पण दुसरी एक गोष्ट कुणाला माहीत नाही. रोज संध्याकाळी काळीचा एक ग्लास घेणाऱ्या माणसाने त्या घाण्यातला एकही ग्लास घेतला नाही. मी भरून पुढे ठेवला तर म्हणाले, "पित्त झालंय." सगळा हिवाळा पित्त होतं त्यांना.

पाणी संपत आलं. उठते. उठवत नाहीये, तरी उठते.

ताई


६ नोव्हेंबर

नाकाड्या,

घाणा फसफसून उठला, फेस टाकीच्या काठावर आला, आणि आता खाली बसतोय. मी रोज गोडी मोजते. नळीत तरंगणारा काटा रोज थोडा खाली जातो आणि मी तो आकडा भिंतीवर खडूने लिहिते. आकडे सगळे बरोबर आहेत. आकड्यांनी मला कधी फसवलं नाही.

आता खरं लिहिते, कारण खोटं लिहायला जास्त कष्ट पडतात आणि माझ्यात तेवढी ताकद उरलेली नाही.

मला वास येत नाही.

सर्दी नव्हती. पावसाळ्याच्या शेवटी ताप आला, सगळ्यांना येतो तसा. ताप गेला आणि जाताना हे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, नाहीही येणार, वाट बघा. मी वाट बघतेय. दूध तंद्रीत करपलं नाही. मी पातेल्यासमोर बसून पेपर वाचत होते आणि दूध करपत होतं. भाजताना मिस्त्रीकाकांना विचारत होते ते याचसाठी. वाफेत तोंड घातलं तेव्हा गरम लागलं, बाकी काही नाही. तुला पहिल्या पत्रात जे विचारलं, ते सगळं याच्यासाठी होतं. आणि तू उत्तर दिलं नाहीस.

जिभेला गोड, कडू, आंबट, खारट कळतं. बाकीची बिअर नाकात असते, हे तुला मी सांगायला नको. मला आता स्टाऊट म्हणजे गार, कडू आणि किंचित आंबट असं काहीतरी लागतं. ओला पुठ्ठा त्यात भिजवून दिला तरी मी मान डोलवेन.

सगळ्यांत वाईट बिअरचं नाही. बाबांची चादर ओली झाली तर मला कळत नाही. सारखं हात घालून बघावं लागतं. परवा उशीर झाला. ते भिंतीकडे बघत राहिले. माझा एवढा अपमान तर बाबांनी शिव्या देऊनही कधी केला नव्हता. मी मोरीत जाऊन रडले आणि मग चादर धुतली.

कुणाला सांगितलेलं नाही. मिस्त्रीकाकांना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत बारवाल्या बाईला कळेल, आणि नाक नसलेल्या बाईची बिअर कोण घेणार? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझं नाक तर बाहेरून चांगलं ठसठशीत आहे, विघ्नं तेवढीच.

तर प्रश्न असा आहे. घाणा मी शिजवलाय. त्याला दुसरं तोंड कुठून आणू? बाबांच्या आजारपणापासून फिक्या बिअरला मी मिस्त्रीकाकांनाच उभं करत आलेय. ते झकास म्हणतात आणि मी हुं म्हणते. तेव्हा माझं नाक शाबूत होतं म्हणून निभावलं. आता पहिलंही तोंड नाही आणि दुसरंही नाही.

विचारू नको विचारू नको म्हणत इतकं लिहिलं. दोन बाटल्या पाठवल्या तर चाखशील का?

ताई


२० नोव्हेंबर

नाकाड्या,

उत्तर नाहीच. तरी बाटल्या पाठवतेय. का ते सांगते.

घाणा थंड टाकीत मुरला. वरून नितळ झालाय, खाली यीस्टचा चिखल बसलाय. काल मी एक वाटी काढून वर नेली. बाबांना पातळ काही द्यायची बंदी आहे, ठसका लागतो. म्हणून बोट बुडवलं आणि त्यांच्या ओठाला लावलं, लहान मुलाला मध चाटवतात तसं. डाव्या बाजूला लावलं, तिकडे अजून कळतं.

त्यांनी ओठ चाटला. जीभ आत फिरवली. पूर्वी करायचे तसंच गाल आत ओढून बसले. मी म्हटलं, "बाबा, हो की नाही?"

ते म्हणाले, "त्याला."

मी म्हटलं, "कुणाला?"

अस्सा राग आला त्यांना! डावा हात गादीवर आपटला आणि पुन्हा म्हणाले, "त्याला." मग डोळ्यांतून पाणी आलं. आजारपणानंतर त्यांना पटकन पाणी येतं, त्याचं फार मनावर घ्यायचं नाही असं डॉक्टर म्हणतात. मी मनावर घेतलं.

मी शिजवला होता, म्हणजे दुसरं तोंड व्हायचा त्यांना हक्क होता. तो त्यांनी तुला दिला. यावर मी काही भाष्य करत नाही. मला भाष्य करायला बसायला वेळही नाही.

दोन बाटल्या भुश्यात घालून पाठवल्यात. फ्रीजमध्ये ठेवून गोठवू नकोस, साधारण गार असू दे. आणि हो, चाखणाऱ्याला घाण्याबद्दल काही सांगायचं नसतं, तर मी तुला दाण्यापासून सगळं रामायण सांगून बसलेय. तेवढा नियम मोडला. ते विसरून चाख. जमत नसेल तर त्याचा हिशेब तुझा तू कर. फक्त एक शब्द पाठव. कारण नको.

ताई


२७ नोव्हेंबर

नाकाड्या,

घाईत आहे. बाटल्या पोचल्याची पावती आली, सही तुझी आहे. सहीत अजूनही तो उगाचच लांब शेपटा काढतोस.

आज बारवाली बाई स्वतः आली. मी एक पिंप दाट फेसासाठी नायट्रोजन वायूवर लावून ठेवलं होतं. तिने माझ्या हातातून ग्लास घेतला, तिरपा धरून पाऊण भरला आणि खाली ठेवून थांबली. ते काळं-बदामी वादळ ग्लासात खाली खाली उतरलं, वर पांढरी साय धरली, मग तिने उरलेला भरला. काठाच्या वर टोपी उभी राहिली. दिसायला सुंदर होती, खोटं कशाला बोलू. तिने घोट घेतला, ओठावरची फेसाची मिशी पुसली आणि म्हणाली, "दर वर्षीसारखीच आहे. परवा सकाळी गाडी पाठवते."

मिस्त्रीकाकांनी दोन ग्लास घेतले. मत तुला माहीत आहे.

म्हणजे घेणारी खूश आहे. पिणारे खूश होतील. आकडे बरोबर आहेत. माझ्याकडे 'नाही' म्हणायला एकही कारण नाही, आणि 'हो' म्हणायला नाक नाही. परवा गाडी यायच्या आत तुझा शब्द आला तर बरं होईल. नाही आला तर भरून टाकीन. माझ्याने आता थांबवत नाही.

ताई


४ डिसेंबर

नाकाड्या,

तुझं कार्ड आलं. ठरल्या सकाळी गाडी दारात उभी होती आणि मिस्त्रीकाका पहिलं पिंप फळीवरून वर ढकलत होते, तेव्हा पोस्टमन आला. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर एक शब्द.

'नाही.'

आधी मी तुला मनसोक्त शिव्या दिल्या. मिस्त्रीकाकांनी पिंप तिथेच सोडून दोन्ही कानांना हात लावले. मला वाटलं, हा सूड घेतोय. तेव्हाचं 'नाही' ऐकलं नाही म्हणून आता पुन्हा तेच तोंडावर मारतोय, दूर बसून, साबणाच्या वासात. बारवाली बाई 'दर वर्षीसारखी' म्हणाली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कार्ड चुलीत घालून गाडी सोडली असती तर कुणाला कळलं असतं? मीच शिजवलेलं, मलाच चव नाही, आणि पिणारा एकही तक्रार करणार नव्हता. मागच्या वेळी तरी कुणी केली होती?

ते मागच्या वेळचं आठवलं आणि मी वर गेले.

बाबांना म्हटलं, "त्याचं उत्तर आलंय. नाही म्हणतो."

त्यांनी हात पुढे केला. कार्ड डाव्या हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं आणि तो एक शब्द बराच वेळ वाचत राहिले. मी वाट बघत होते. नाकाड्या, मी खरंच वाट बघत होते की ते आता गादीवर हात आपटतील आणि विचारतील, काय बिघडलंय? तेवढा शब्द त्यांना येतो. 'काय' हा शब्द त्यांना आजारपणातही सगळ्यांत स्पष्ट येतो, दिवसभर तोच चालू असतो.

त्यांनी विचारलं नाही. कार्ड छातीवर ठेवलं आणि म्हणाले, "ओत."

मी खाली येऊन गाडी रिकामी परत पाठवली. एकेक पिंप उघडून आडवं केलं, टाकीत उरलं होतं तेही सोडलं. सगळं अंगण काळं झालं, वर फेस, आणि मी रबरी बूट घालून झाडूने मोरीकडे लोटत राहिले. मिस्त्रीकाका पायरीवर बसून रडत होते. "अहो, झकास होती हो," म्हणत होते. मला रडूही आलं नाही. इतकी दमले होते की पायाखालून वाहून जातेय ते माझ्याच हातचं आहे हेही मधेच विसरायला होत होतं.

संध्याकाळी बारवाल्या बाईने निरोप पाठवला. कारखान्याचा नळ बसवला. रागावली नाही, फक्त म्हणाली, "तुम्ही लोक वेडे आहात, आधीपासूनच." खरं आहे. या हिवाळ्यात आपली काळी कुठेच मिळणार नाही. त्यानंतर काय, ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं दाखवायचा मला कंटाळा आलाय.

गुरुवारी पुन्हा काळे जव भाजतेय. कुणासाठी ते विचारू नकोस. पोतं उघडलंय आणि बाबा खिडकीकडे तोंड करून बसतात, एवढंच कारण. ढोलापाशी एक नाक लागेल. तुझी खोली झाडून ठेवलीय. साबण तुझा तू आण, इथला तुला चालणार नाही. आलास तर बाबांशी बोलावंच लागेल असं नाही, त्यांनाही फारसं बोलता येत नाही. नाही आलास तरी मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण कळवणार नाही.

एकच मागते. तो शब्द रागाने लिहिला असशील, तर ते मला कधी सांगू नकोस. आम्ही दोघांनी तो खरा धरलाय.

ताई